न्यायालयाने राखले, विधिमंडळात सुटले

२०१५ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. दुपारी दाराची कडी वाजली. बाहेर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील उभे होते. वेल्ह्याकडच्या एका खेड्यातून सकाळी निघालेले, नसरापूरला एक गाडी बदलून कापूरहोळमार्गे भोरला पोहोचलेले. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल होती. सलाम झाला, पाणी झाले आणि त्यांनी चहाची वाट न पाहता फाइल उघडली.

"मॅडम, पेपरात तर आलं होतं की कोर्टानं आपलं आरक्षण ठेवलं. आता कॉलेजात चौकशी केली तर म्हणतात, असं काही नाहीच. कोर्टानं ठेवलेलं नेलं कुणी?"

मी वर्गात नागरिकशास्त्र शिकवते. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. शासनाची तीन अंगे आणि त्यांची एकमेकांवरची नियंत्रणे. हा धडा मी इतक्या वेळा शिकवला आहे की पुस्तक बंद ठेवूनही सांगता येतो. पण त्या दिवशी त्यांना नीट उत्तर देता आले नाही. "सरकार बदललं ना, त्यामुळं," एवढेच बोलले. ते "बरं" म्हणाले आणि फाइल पुन्हा पिशवीत गुंडाळू लागले.

ते उत्तर अर्धवट होते. पुरे उत्तर समजून घ्यायला मला नंतर बराच वेळ लागला. आपल्या घराघरांत हा प्रश्न आजही विचारला जातो, म्हणून ते आज लिहीत आहे.

फाइलीतले कागद

मुलगी हुशार होती. २०१४ मध्ये ती बारावीत होती. त्या पावसाळ्यात बातमी आली, की राज्य सरकारने मुस्लिम समाजातील मागास समूहांना शिक्षणात आणि नोकरीत ५ टक्के आरक्षण दिले आहे. पुढच्या जूनमध्ये मुलीच्या प्रवेशाला उपयोग होईल म्हणून वडील कामाला लागले.

आरक्षण सरसकट सगळ्या मुसलमानांना नव्हते. सुमारे पन्नास समूहांची यादी होती आणि त्या प्रवर्गाला 'विशेष मागास प्रवर्ग - अ' असे नाव होते. म्हणजे आपला समूह कोणता, हे कागदावर दाखवायचे होते. इथेच आपल्याकडची नेहमीची अडचण आली. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'मुसलमान' एवढाच शब्द. मग जुन्या कोतवाल बुकातल्या नोंदी शोधल्या. नोंद मोडीत, ती वाचणारा माणूस शोधला. एका कार्यालयात पाच खेपा झाल्या. कधी साहेब नाहीत, कधी सर्व्हर बंद. प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडाली. अखेर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाखला हातात आला.

त्या दाखल्याचे आयुष्य तीन आठवड्यांचेही नव्हते. ते कसे, हे कळण्यासाठी आधी तीन अंगांचे काम थोडक्यात आठवू.

एक हात आणि तीन हात

आमचे भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. राजवाडा आजही गावात उभा आहे. संस्थानी अमलात कारभारी असत, न्याय देणारे असत, पण अखेरचा शब्द राजाचा. हुकूम काढणारा तोच आणि हुकूम चुकला का, हे ठरवणाराही तोच. राजा भला असला तर रयतेचे भले. नसला तर दाद मागायला दुसरे दार नाही.

राज्यघटनेने हे बदलले. कायदा करणे हे विधिमंडळाचे काम. तो राबवणे हे सरकारचे, म्हणजे मंत्रिमंडळाचे आणि प्रशासनाचे काम. आणि केलेला कायदा किंवा काढलेला हुकूम घटनेत बसतो की नाही, हे तपासणे न्यायालयाचे काम. या तपासणीलाच आपण 'न्यायालयीन पुनर्विलोकन' म्हणतो. घटनेच्या १३ व्या अनुच्छेदात स्पष्ट आहे, की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या विसंगतीपुरता रद्दबातल ठरतो. ३२ व्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाचे आणि २२६ व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयाचे दार नागरिकाला उघडे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३२ व्या अनुच्छेदाला घटनेचा आत्मा आणि हृदय मानले ते याच कारणाने.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. हजरत अली (रजि.) खलीफा असताना आपल्या चिलखताच्या वादात काझी शुरैह यांच्यापुढे साध्या फिर्यादीसारखे उभे राहिले आणि पुरेशी साक्ष नाही म्हणून निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, ही हकीकत आपण लहानपणापासून वाजमध्ये ऐकतो. राज्यकर्ताही न्यायासनापुढे उभा राहतो, हेच तिचे सार.

आता २०१४ कडे वळू.

वटहुकूम म्हणजे मुदतीचा कायदा

राज्यातील मुस्लिमांच्या सामाजिक, शैक्षणिक आणि आर्थिक स्थितीचा अभ्यास करण्यासाठी महाराष्ट्र सरकारने २००८ मध्ये डॉ. महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्याआधी देशपातळीवर सच्चर समिती आणि रंगनाथ मिश्र आयोगाचे अहवाल आले होते. २५ जून २०१४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने दोन निर्णय घेतले: मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिम समाजातील मागास समूहांना ५ टक्के आरक्षण. ९ जुलै २०१४ रोजी त्यांचे दोन वेगळे वटहुकूम निघाले.

इथे 'वटहुकूम' हा शब्द नीट पाहा. वटहुकूम म्हणजे अध्यादेश. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसेल आणि तातडी असेल, तर घटनेच्या २१३ व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने तो काढतात. त्याला कायद्याइतकेच बळ असते, पण कायद्याइतके आयुष्य नसते. अधिवेशन पुन्हा भरले की तो सभागृहापुढे ठेवावा लागतो, आणि तेव्हापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. त्यासाठी कुणी 'रद्द' असा शब्दही उच्चारावा लागत नाही. रेशनच्या दुकानात धान्याची मुदत संपते तशी त्याची मुदत संपते.

सहा आठवड्यांची ही मर्यादा म्हणजेच एक नियंत्रण आहे. सरकारने घाईत घेतलेला निर्णय लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने तपासलाच पाहिजे, असा तिचा अर्थ.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. सरकार बदलले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवी विधानसभा भरली आणि सहा आठवड्यांचे घड्याळ चालू झाले.

१४ नोव्हेंबर: न्यायालयाचा आदेश

दरम्यान दोन्ही वटहुकुमांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले होते. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुख्य न्यायमूर्ती मोहित शहा आणि न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांच्या खंडपीठाने अंतरिम आदेश दिला. अंतरिम म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. निकाल लागेपर्यंत काय चालू राहील आणि काय थांबेल, एवढेच त्यात ठरते.

न्यायालयापुढे मोठा प्रश्न होता ५० टक्क्यांचा. १९९२ च्या मंडल खटल्यात, म्हणजे इंद्रा साहनी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने अपवादात्मक परिस्थिती सोडता आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात आधीच ५२ टक्के आरक्षण होते. त्यात १६ आणि ५ मिळवले की आकडा ७३ वर जात होता.

न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली. मुस्लिम समूहांच्या नोकरीतील आरक्षणालाही स्थगिती दिली. पण सरकारी आणि अनुदानित शिक्षणसंस्थांमधील प्रवेशासाठीचे ५ टक्के आरक्षण न्यायालयाने चालू ठेवले. समाजाच्या शैक्षणिक मागासपणाबद्दल सकृद्दर्शनी पुरेसा आधार समोर आहे आणि या मुलांना सर्वसाधारण शिक्षणाच्या प्रवाहात आणण्याची गरज आहे, असे न्यायालयाला दिसले. म्हणजे न्यायालयाने धर्म पाहिला नाही. समूहांच्या मागासपणाचा पुरावा पाहिला.

आमच्या मोहल्ल्यात त्या दिवशी मिठाई वाटली गेली. ती बातमी त्या वडिलांनीही वाचली होती आणि कात्रण फाइलीत लावले होते. त्यांचे वाचन बरोबर होते. कोर्टाने खरेच 'हो' म्हटले होते.

२३ डिसेंबर: सभागृहातले मौन

पण न्यायालयाने 'हो' कशाला म्हटले होते? वटहुकुमाला. आणि वटहुकूम तर मुदतीचा होता.

डिसेंबरमध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन भरले. मराठा आरक्षणाचे विधेयक सभागृहात आले, मंजूर झाले, त्याचा कायदा झाला. ज्या आरक्षणाला न्यायालयाने स्थगिती दिली होती, त्याचा कायदा झाला. आणि ज्याचा शिक्षणापुरता भाग न्यायालयाने राखला होता, त्याचे विधेयक सभागृहात आलेच नाही. नव्या सरकारची भूमिका होती, की धर्माच्या आधारावर आरक्षण घटनेला मान्य नाही. वटहुकूम धर्मावर नव्हे तर मागास समूहांवर आधारलेला आहे, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. पण हा वाद मताला टाकलाच गेला नाही. २३ डिसेंबर २०१४ रोजी सहा आठवडे पूर्ण होऊन वटहुकूम संपला. मार्च २०१५ मध्ये शासनाने तसा निर्णय काढून ही बाब कागदावर स्पष्ट केली.

त्या वडिलांच्या हातातला दाखला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला. मे महिन्यात ते तो घेऊन कॉलेजात गेले तेव्हा त्याच्या पाठीमागचा कायदा संपून पाच महिने झाले होते.

मग न्यायालयाने विधिमंडळाला का सांगितले नाही, की कायदा करा? कारण ते त्याच्या अधिकारात नाही. न्यायालय चुकीचा कायदा थांबवू शकते, अर्धा चुकीचा असेल तर तेवढा भाग काढू शकते, अधिकाऱ्याला कायद्याने नेमून दिलेले काम करायला लावू शकते. पण अमुक कायदा करा, असा हुकूम ते विधिमंडळाला देत नाही. वाईट हात धरून ठेवता येतो. न उठणारा हात उचलायला लावता येत नाही. हा त्या मे महिन्यातल्या प्रश्नाचा खरा जबाब आहे. कोर्टाने राखलेले कुणी पळवले नाही. ते विधिमंडळात सुटले.

पुण्याचे एक प्राध्यापक

"मग पुन्हा तोच वटहुकूम काढायचा होता," असे आमच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने म्हटले. याचेही उत्तर आपल्या जिल्ह्यातूनच आलेले आहे.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत डॉ. डी. सी. वाधवा नावाचे प्राध्यापक होते. बिहारच्या जमिनीच्या कायद्यांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले, की तिथे वटहुकूम सभागृहापुढे आणलेच जात नाहीत. मुदत संपली की तोच मजकूर पुन्हा काढला जातो. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेल्याचे त्यांनी मोजून दाखवले. काही तर दहा वर्षांहून अधिक काळ. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही पद्धत म्हणजे घटनेशी केलेली लबाडी आहे असे ठरवले आणि वाधवांना खर्चापोटी दहा हजार रुपये द्यायला बिहार सरकारला सांगितले.

एक प्राध्यापक, ना आमदार ना मंत्री, जुनी राजपत्रे चाळत बसतो आणि सरकारची एक वाईट सवय मोडून काढतो. मुलांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

यात एक कडू बाजूही आहे. ज्या नियमामुळे आपला वटहुकूम संपला, तो नियम चांगला आहे. तो नसता तर कोणतेही सरकार सभागृहाला बाजूला ठेवून वर्षानुवर्षे हुकूम काढत राहिले असते, आणि त्यातले कितीतरी आपल्याच विरुद्ध असते. दोष सहा आठवड्यांच्या मुदतीत नाही. त्या सहा आठवड्यांत आपण काय केले, यात आहे. १४ नोव्हेंबरला आपण मिठाई वाटली. २३ डिसेंबरपर्यंत आमदारांच्या दारात किती जण गेलो?

मराठा समाजाचा पुढचा प्रवास याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. डिसेंबर २०१४ च्या कायद्यालाही उच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये स्थगिती दिली. समाज थांबला नाही. मोर्चे निघाले, आयोग बसला, २०१८ मध्ये नवा कायदा झाला. जून २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो टक्केवारी कमी करून मान्य केला. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. २०२४ मध्ये विधिमंडळाने पुन्हा कायदा केला आणि तोही न्यायालयात गेला. आमच्या तालुक्यातले कितीतरी मराठा शेतकरी दोन-तीन एकर खाचरावर जगतात. त्यांची गरज खोटी नाही. त्यांच्याविषयी मनात किल्मिष न ठेवता एवढेच शिकायचे: न्यायालयाने नाही म्हटले तरी ते पुन्हा विधिमंडळाकडे गेले. आपल्याला न्यायालयाने हो म्हटले, आणि आपण घरी बसलो.

कायद्याची चाळणी

न्यायालयीन तपासणीने सगळेच मिळते किंवा सगळेच जाते, असे नाही. याचे उदाहरण प्रत्येक मुस्लिम घराच्या स्वयंपाकघरापर्यंत आलेले आहे.

महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्याची दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ मध्ये केली होती. तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ मध्ये. गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. शिवाय राज्याबाहेर, जिथे कत्तल कायदेशीर आहे तिथून आणलेले मांस जवळ बाळगणेही गुन्हा ठरले. आणि आपण निर्दोष आहोत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकली गेली.

६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती एस. सी. गुप्ते यांनी निकाल दिला. कत्तलबंदी त्यांनी कायम ठेवली. पण बाहेरून आणलेल्या मांसाविषयीचे कलम ५ ड रद्द केले. नागरिक आपल्या घरात काय खातो, यात शासनाने असे डोकावणे हा खासगीपणावर घाला आहे, असे ठरवले. निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करावे, हे ९ ब कलमही रद्द केले. कायदा जणू चाळणीतून काढला. काही राहिले, काही खाली पडले. राज्य सरकारने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सरकारलाही वरचे दार ठोठावण्याचा तितकाच अधिकार आहे.

ज्यांना संपूर्ण कायदाच रद्द व्हायला हवा होता ते निराश झाले. पण घराच्या उंबऱ्याच्या आत पोलिसाने कधी यावे आणि कधी येऊ नये, याबाबत त्या दिवशी जे मिळाले ते लहान नाही.

न्यायालयाला कोण अडवते?

वर्गात एका मुलीने विचारले होते, "मॅडम, सगळ्यांना कोर्ट अडवतं, मग कोर्टाला कोण?"

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. तिथून पुढे म्हसळा तालुक्यात आंबेत. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे हे गाव. १९८० मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. दीड वर्षाने, जानेवारी १९८२ मध्ये, सिमेंट वाटपाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी त्यांच्या विरुद्ध निष्कर्ष काढला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. मुख्यमंत्र्यालाही न्यायालय जाब विचारते, हा पहिला धडा.

दुसरा धडा त्याहून कमी लोकांना माहीत आहे. त्यांच्यावरील भ्रष्टाचाराचा खटला १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोपवला. हेतू खटला लवकर निकाली निघावा असा होता. पण कायद्यात अशा खटल्यांसाठी विशेष न्यायाधीशच नेमून दिलेला होता. अंतुले पुन्हा न्यायालयात गेले. २९ एप्रिल १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने आपलाच आधीचा आदेश चुकीचा ठरवला. कोणत्या न्यायालयाने कोणता खटला चालवावा, हे कायदा ठरवतो. न्यायालय स्वतःच्या मनाने तो अधिकार निर्माण करू शकत नाही. आणि न्यायालयाच्या चुकीने कुणाचे नुकसान होता कामा नये.

म्हणजे न्यायालयाला अडवतो तो कायदा, वरचे आणि मोठे पीठ, आणि आपली चूक कबूल करण्याची न्यायालयाची तयारी. अंतुले पुढे २००६ मध्ये देशाचे पहिले अल्पसंख्याक कार्यमंत्री झाले. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. वटहुकुमाचे ते सहा आठवडे तेव्हा निम्मे संपले होते.

मग आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, कुठले काम कुठल्या दारी होते हे ओळखणे. दाखला मिळत नाही, ही तक्रार प्रशासनाकडची. आधी वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. कायदा किंवा हुकूम हक्क मोडतो, ही तक्रार न्यायालयाकडची. शेजारच्या सातारा जिल्ह्याला ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच जवळ झाले आहे. आपण नीरा नदीच्या अलीकडे, पुणे जिल्ह्यात, म्हणून आपल्याला आजही मुंबईच. आणि कायदाच नाही, तो व्हायला हवा, ही मागणी आमदाराकडची. तिथे वकील लागत नाही. सह्यांचा अर्ज, अहवालांचे आकडे आणि चार शहाणी माणसे लागतात. अधिवेशनाच्या तारखा आधी जाहीर होतात. त्या मशिदीच्या फलकावर लावायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट, जे आज चालू आहे ते घेणे. तांबोळी, पिंजारी, मोमीन, बागवान असे अनेक मुस्लिम समूह राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या राज्यातील वास्तव्याचा पुरावा लागतो. तो मुलाच्या बारावीनंतर नव्हे, आठवीतच शोधायला घ्या. जे कोणत्याही आरक्षित प्रवर्गात येत नाहीत आणि ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी आहे, त्यांना इतर अटी पूर्ण होत असतील तर आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के आरक्षण आहे. ते २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आले. त्यालाही आव्हान दिले गेले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवले. ते वटहुकुमावर नाही, घटनादुरुस्तीवर उभे आहे. म्हणून त्याला सहा आठवड्यांची भीती नाही.

तिसरी गोष्ट, कागद. आपल्या घरांत निकाहनामा जपला जातो, जमिनीचा सातबारा जपला जातो, पण आजोबांचा शाळेचा दाखला पत्र्याच्या पेटीत वाळवीला मिळतो. तो बाहेर काढा. मोडीतली नोंद असेल तर वाचून, नक्कल करून ठेवा.

त्या मुलीने अखेर खुल्या प्रवर्गातून बी.एस्सी. केले. फीसाठी वडिलांनी एक म्हैस विकली. चार वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाच्या प्रवेशाच्या वेळी ते पुन्हा आले होते. तीच फाइल, त्याच पिशवीत. या वेळी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला वर होता, आणि २०१४ चा तो जुना दाखला सगळ्यांत खाली, अजून जपून ठेवलेला.

"हा कशाला ठेवलाय?" मी विचारले.

"असू द्या मॅडम. उद्या कायदा झाला तर परत पहिल्यापासून खेपा नकोत."

यावेळी मी त्यांना चहा झाल्याशिवाय जाऊ दिले नाही, आणि आठ वर्षे राहिलेले उत्तर पुरे सांगितले. कोर्टाचे काम काय, सभागृहाचे काय, सहा आठवडे म्हणजे काय. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तेव्हा कोर्टाकडं बघत बसण्यापेक्षा आमदाराकडं जायला पाहिजे होतं."

होय. तेवढेच सांगायचे होते. आपला हक्क कुठल्या दारी मागायचा, याची समज अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.